चित्र बघणाऱ्यांचं चित्र: चित्रकार प्रेक्षकांनाच कॅनव्हासवर का आणतात?

म्युझियममध्ये गेलो की आपण भिंतीकडे बघतो. भिंतीवर चित्र असतं, खाली पाटी असते, पाटीवर चित्रकाराचं नाव आणि साल. आपण पाटी वाचतो, चित्र बघतो, पुढे सरकतो.

पण काही चित्रकार त्याच दालनात उभे राहून भिंतीऐवजी आपल्याकडे बघतात. मान वाकडी करून उभी असलेली कॉलेजची मुलगी, बाकावर टेकलेले आजोबा, बाबांच्या खांद्यावरचं पोर, मोबाइल उंच धरलेला माणूस. घरी गेल्यावर ते हीच माणसं रंगवतात. म्हणजे चित्राचा विषय काय, तर चित्र बघणारी माणसं.

ऐकायला हे जरा गमतीशीर वाटतं. पण हा प्रकार काही शतकं जुना आहे, त्यात मोठमोठी नावं आहेत आणि त्याचा एक पक्का धागा आपल्या घाटकोपरपर्यंत येतो. शिवाय त्यामागे एक प्रश्न आहे जो गॅलरीच्या दारात घुटमळणाऱ्या प्रत्येकाच्या मनात असतो: ‘मला चित्रातलं काही कळत नाही, मग मी इथे काय करतोय?’

सगळं सविस्तर समजून घेऊया.

सगळ्यात आधी, हा प्रकार नेमका काय आहे?

सोप्या शब्दांत सांगायचं तर ‘चित्रातलं चित्र’ आणि ‘त्या चित्रासमोरचा माणूस’ हे दोन्ही एकाच कॅनव्हासवर येतात. त्यात तीन पातळ्या असतात. पहिली, आतलं चित्र. दुसरी, ते बघणारा माणूस. आणि तिसरी, त्या माणसाला बघणारे आपण.

ही तिसरी पातळीच खरी मजा आणते. कारण आपण त्या माणसाच्या मागे रांगेत उभे असल्यासारखे होतो. तो बघतोय आणि आपण त्याचं बघणं बघतोय. कदाचित आपल्या मागेही कुणीतरी उभं असेल!

घाटकोपरचा यात काय संबंध?

अतुल दोडिया हे आजच्या भारतीय चित्रकलेतलं मोठं नाव. जन्म १९५९ चा, घाटकोपरचा. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून १९८२ साली पदवी घेतली आणि पुढे १९९१-९२ मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले. लंडनच्या टेट मॉडर्नपासून व्हेनिसच्या बिनालेपर्यंत त्यांची कामं लागली, पण घर आणि स्टुडिओ घाटकोपरशी जोडलेलेच राहिले.

दोडियांनी फक्त म्युझियमचे प्रेक्षकच रंगवले, असं नाही. पण ‘बघणं’ हा विषय त्यांच्या कामात पुन्हा पुन्हा येतो. चार उदाहरणं बघू.

पहिलं, १९९४ चं ‘द बॉम्बे बकनिअर’. ‘बाजीगर’ सिनेमाचं पोस्टर आठवतंय? शाहरुखच्या गॉगलच्या दोन काचांमध्ये दोन नायिका दिसतात. दोडियांनी त्या पोस्टरच्या धर्तीवर स्वतःचं चित्र केलं. पण गॉगलच्या काचांत नायिकांच्या जागी दोन चित्रकार बसवले, भूपेन खक्कर आणि ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनी. म्हणजे हिरोच्या डोळ्यात जशी हिरोईन, तसे या चित्रकाराच्या डोळ्यात त्याचे आवडते चित्रकार. चित्रकार हा आधी प्रेक्षक असतो, हे यापेक्षा थोडक्यात कसं सांगणार?

दुसरं, त्यांची शटरवरची चित्रं. दुकानाला असतं तसं लोखंडी शटर, त्यावर एक चित्र. शटर वर ढकललं की आत दुसरं चित्र. इथे प्रेक्षक नुसता उभा राहिला तर अर्धंच चित्र बघून घरी जाईल. मुंबईत दंगल, बंद किंवा संप म्हटलं की सगळ्यात आधी डोळ्यांसमोर येतात ती खाली ओढलेली शटरं. त्यामुळे हे रूपक इथल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

तिसरं, ‘ब्रोकन ब्रँचेस’ या नावाची नऊ लाकडी कपाटं. पोरबंदरला गांधीजींच्या जन्मस्थळाशेजारच्या कीर्ती मंदिरात जुन्या काचेच्या कपाटांतून वस्तू मांडलेल्या आहेत. त्या मांडणीवरून दोडियांना ही कल्पना सुचली. २०१९ च्या व्हेनिस बिनालेत भारताच्या दालनात हे काम होतं. इथे म्युझियमची मांडणी हाच कलाकृतीचा विषय झाला.

चौथं उदाहरण सगळ्यात ताजं आणि सगळ्यात मजेशीर. २०२० ते २०२२ या काळात केलेल्या चित्रांची मालिका. नाव आहे, ‘डॉ. बॅनर्जी इन डॉ. कुलकर्णीज नर्सिंग होम’. नाव ओळखीचं वाटलं ना? ‘आनंद’ (१९७१) सिनेमातले डॉ. भास्कर बॅनर्जी म्हणजे अमिताभ बच्चन आणि डॉ. कुलकर्णी म्हणजे आपले रमेश देव. जुन्या हिंदी सिनेमांच्या सेटवर भिंतींना चित्रं टांगलेली असायची. दिवाणखान्यात, हॉटेलच्या खोलीत, दवाखान्यात. दोडियांनी अशा फ्रेम्स निवडून त्या तैलरंगात रंगवल्या. २०२३ मध्ये मुंबईच्या केमोल्ड प्रेस्कॉट रोड गॅलरीत ही मालिका लागली होती.

पण यात माणसं चित्र कुठे बघतायत?

बरोबर पकडलंत. इथे गंमत उलटी आहे.

सिनेमातली माणसं चित्राकडे बघत नाहीत. डॉक्टरला पेशंटची काळजी असते, नायकाला नायिकेची. भिंतीवरचं चित्र त्यांच्यासाठी फक्त फर्निचर. आपण ‘आनंद’ किती वेळा पाहिला असेल, पण नर्सिंग होमच्या भिंतीवर काय होतं हे कुणाला सांगता येईल? कलादिग्दर्शकाने ते चित्र विचार करून लावलं असणार. ते कुणीतरी काढलेलं असणार. आणि लाखो लोकांच्या डोळ्यांसमोरून ते गेलं, पण दिसलं कुणालाच नाही.

दोडियांनी तीच फ्रेम थांबवली आणि कॅनव्हासवर आणली. आता आपल्याला ते चित्र बघावंच लागतं. म्युझियमच्या चित्रांत ‘बघणारा माणूस’ दिसतो. इथे ‘न बघणारा माणूस’ दिसतो आणि बघायचं काम आपल्या गळ्यात पडतं.

ही कल्पना आली कुठून? युरोपातून?

युरोपात ती खूप वाढली, हे खरं. पण त्याआधी आपल्या घरातलं एक उदाहरण बघूया, कारण ते फार सुंदर आहे.

भवभूती हा आठव्या शतकातला संस्कृत नाटककार, मूळचा विदर्भातला. त्याच्या ‘उत्तररामचरित’ नाटकाच्या पहिल्या अंकाला ‘चित्रदर्शन’ असंच नाव आहे. प्रसंग असा: वनवास संपलाय, राम राजा झालाय, सीता गरोदर आहे. तिचं मन रमावं म्हणून लक्ष्मण दोघांना चित्रं दाखवायला नेतो. चित्रं कशाची? त्यांच्याच आयुष्याची. लग्न, वनवास, पंचवटी सगळं भिंतीवर.

मग काय होतं? लग्नाच्या चित्रात लक्ष्मण सगळ्यांची ओळख करून देतो, पण ऊर्मिला, म्हणजे स्वतःची बायको, गाळतो. सीता मुद्दाम विचारते, ‘आणि ही कोण?’ लक्ष्मण लाजतो आणि घाईघाईने पुढच्या चित्राकडे वळतो. पुढे शूर्पणखा दिसताच सीता घाबरते. विरहाची चित्रं आली की रामाचे डोळे भरतात. चित्रं बघून सीतेला त्या अरण्यात पुन्हा एकदा जावंसं वाटतं आणि नाटकातली शोकांतिका नेमकी त्या इच्छेचा हात धरून पुढे सरकते.

भवभूतीला चित्रांच्या वर्णनात फारसा रस नाही. चित्र बघताना माणसाचं काय होतं, यात आहे. कुणी लाजतं, कुणी घाबरतं, कुणी विषय बदलतं. आज म्युझियमच्या बाकावर बसून एखादा चित्रकार हेच टिपत असतो.

आणि अगदी दारातलं उदाहरण हवं असेल तर बोरिवलीला जा. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरीच्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर स्त्री-पुरुषांच्या मोठ्या जोड्या कोरलेल्या आहेत. त्या दात्यांच्या जोड्या मानल्या जातात. म्हणजे ज्यांनी हे घडवायला दान दिलं आणि जे इथे यायचे, त्यांनाच दगडात जागा मिळाली. देवळात किंवा चैत्यात येणारा माणूस त्या कलाकृतीचाच भाग होणं, ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही.

मग युरोपात काय झालं?

सतराव्या शतकात श्रीमंतांनी आपल्या चित्रसंग्रहाची चित्रं काढून घ्यायला सुरुवात केली. डेव्हिड टेनिअर्स या चित्रकाराने ब्रुसेल्समधल्या आर्चड्यूक लिओपोल्ड विल्हेमचं दालन असंच रंगवलं. छतापर्यंत चित्रंच चित्रं आणि मधे मालक. आजच्या भाषेत सांगायचं तर ‘माझं कलेक्शन’ची पोस्ट.

यानंतरचा किस्सा योहान झोफनीचा. इंग्लंडच्या राणी शार्लटने त्याला फ्लॉरेन्सच्या उफिझी गॅलरीतलं प्रसिद्ध दालन रंगवायला पाठवलं. १७७२ ते १७७७ अशी अनेक वर्षं तो त्यावर राबला. दालन रंगवलं, पण त्यात फ्लॉरेन्समध्ये भेटलेले इंग्रज प्रवासीही घुसवले. कुणी व्हीनसच्या पुतळ्याला न्याहाळतंय, कुणी चित्रावरून चर्चा करतंय. राणीला कलाकृती हव्या होत्या, ही गर्दी नको होती. राजघराण्याची नाराजी झोफनीला भोवली. पुढे १७८३ मध्ये तो भारतात आला आणि लखनौला त्याने कोंबड्यांच्या झुंजीचं प्रसिद्ध चित्र केलं. त्यातही कोंबड्यांपेक्षा झुंज बघणारी माणसंच जास्त लक्षात राहतात. खोड गेली नाही!

१८८३ मध्ये विल्यम फ्रिथने लंडनच्या रॉयल अ‍ॅकॅडमीतलं प्रदर्शन रंगवलं. त्यात ऑस्कर वाइल्ड उभा आहे, भोवती चाहत्यांचा घोळका. चित्रांपेक्षा वाइल्डकडे बघणारेच जास्त. प्रदर्शनाच्या उद्घाटनाला लोक चित्रं बघायला येतात की एकमेकांना, हा प्रश्न तेव्हाही होता. काळा घोड्याला कुठल्याही उद्घाटनाला जाऊन या, आजही आहे.

डेगाची मैत्रीण पाठमोरी का उभी आहे?

या प्रकारातलं सगळ्यात महत्त्वाचं नाव एडगर डेगा. १८७९-८० च्या सुमारास त्याने आपली मैत्रीण, अमेरिकन चित्रकार मेरी कसॅट हिला पॅरिसच्या लूव्र म्युझियममध्ये रंगवलं. कसॅट पाठमोरी आहे, छत्रीवर रेललेली. बाजूला तिची बहीण लिडिया बसलीय, हातात माहितीपुस्तिका. कसॅटचा चेहरा दिसत नाही. तरी तिचा आत्मविश्वास दिसतो, कारण ती ज्या ऐटीत छत्रीवर भार टाकून उभी आहे, तसं फक्त तिथे रोज येणारं माणूसच उभं राहू शकतं.

त्या काळातला कलासमीक्षक एदमों द्युरांती याने १८७६ मध्येच असा विचार मांडला होता, की नुसत्या पाठीवरूनही माणसाचा स्वभाव, वय आणि सामाजिक स्थान कळायला हवं. डेगाने ते करून दाखवलं.

यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. पॅरिसच्या सरकारी कलाशाळेत, एकोल दे बोझारमध्ये, १८९७ पर्यंत मुलींना प्रवेशच नव्हता. पण म्युझियमचं दार उघडं होतं. तिथे जाऊन जुन्या चित्रांच्या नकला करता यायच्या. म्हणजे कसॅटसारख्या बायकांसाठी लूव्र हेच कॉलेज होतं. मग ते चित्र नुसतं ‘छत्रीवाली बाई’ राहत नाही. वर्गात जागा न मिळालेली एक बाई आपली जागा स्वतः कशी मिळवते, त्याचं ते चित्र होतं.

विसाव्या शतकात कॅमेरा आल्यावर?

कॅमेऱ्याने हा विषय संपवला नाही, उलट वाढवला.

१३ जानेवारी १९६२ च्या ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’च्या मुखपृष्ठावर नॉर्मन रॉकवेलचं चित्र होतं. राखाडी सुटातला एक गृहस्थ, पाठमोरा, रंगांच्या शिंतोड्यांनी भरलेल्या प्रचंड अमूर्त चित्रासमोर. त्याला ते आवडलंय की राग आलाय? कळायला मार्ग नाही, कारण चेहराच दिसत नाही. अमूर्त चित्रावर हसणाऱ्यांना तो आपल्या बाजूचा वाटतो आणि अमूर्त चित्र आवडणाऱ्यांना त्यांच्या. विशेष म्हणजे आतलं ते शिंतोड्यांचं चित्र रॉकवेलने स्वतः केलं होतं. ज्याची ख्याती हुबेहूब माणसं काढण्यासाठी, त्याने.

जर्मन फोटोग्राफर थॉमस श्ट्रुथने १९८९ पासून जगातल्या मोठ्या म्युझियममधल्या प्रेक्षकांचे फोटो काढले. २००४ मध्ये तो फ्लॉरेन्सला मायकेलअँजेलोच्या ‘डेव्हिड’च्या पुतळ्यापाशी गेला आणि कॅमेरा लोकांकडे वळवला. त्या फोटोंत डेव्हिड नाहीच. फक्त वर बघणारे चेहरे. कुणाचं तोंड उघडं, कुणी दमलेलं, कुणी भारावलेलं. पुतळा न दाखवता पुतळ्याची उंची कळते.

हे चित्र प्रत्यक्षात करतात कसं?

वाटतं तितकं सोपं नाही. मुख्य अडचणी चार.

१. वेळ. अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये १५० लोक नामवंत चित्रांसमोर किती वेळ थांबतात हे मोजलं. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सरासरी आली २७.२ सेकंद. पण काही जण फार वेळ थांबल्याने सरासरी फुगते. मध्यगा, म्हणजे बरोबर मधला आकडा, होता फक्त १७ सेकंद! म्हणजे चित्रकाराला अख्खा माणूस साधारण १७ सेकंदांत टिपायचा आहे. म्हणून आधी झटपट स्केच करतात. खांद्यांचा कल, वजन कुठल्या पायावर आहे, मान किती वळलीय, एवढंच. चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना स्टेशनवर आणि बाजारात बसून स्केचिंग करायला लावतात, ते याचसाठी. लोकलची वाट बघणारा माणूस आणि चित्र बघणारा माणूस, दोघंही पोज देत नाहीत.

२. प्रकाश. म्युझियममध्ये दिवे चित्रांवर रोखलेले असतात, माणसं अर्धवट अंधारात. त्यामुळे पाठमोरी माणसं गडद आकृत्यांसारखी दिसतात आणि मागचं चित्र उजळ. चित्रकार याचा फायदा घेतो, पण आतलं चित्र जास्त झगमगलं तर आपली नजर थेट तिकडे पळते आणि माणूस हरवतो. म्हणून आतल्या चित्राचा रंग थोडा दबका ठेवतात, तपशील कमी करतात.

३. कोन. चौकट समोरून आयताकृती दिसते. बाजूने बघितली की तिची एक बाजू लहान होते. भिंतीवर अशा पाच चौकटी असतील तर पाचही एकाच नियमाने आक्रसल्या पाहिजेत, एक जरी चुकली तरी भिंत पडल्यासारखी वाटते. दुसरा नियम डोळ्यांच्या रेषेचा. चित्रकार उभा असेल तर जवळची आणि लांबची, सगळी उभी मोठी माणसं साधारण एकाच रेषेत डोकी ठेवून असतात. लांबच्यांचे फक्त पाय वर सरकतात. चित्रंही बहुतेक ठिकाणी मोठ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला, साधारण दीड मीटरवर मध्य येईल अशी लावतात. त्यामुळे लहान मुलांना कायम मान वर करावी लागते. प्रेक्षकांच्या चित्रांत पोरांच्या माना इतक्या बोलक्या असतात त्या याचमुळे.

४. दोन हात. आतलं चित्र दुसऱ्याच चित्रकाराचं असतं. म्हणजे एकाच कॅनव्हासवर माणसं आपल्या हाताने आणि भिंतीवरचं चित्र रविवर्म्याच्या किंवा गायतोंड्यांच्या ढंगात. दोन्ही सारख्याच हाताने रंगवलं तर कोण खरं आणि कोण चित्रातलं, हे कळेनासं होतं. अर्थात काही चित्रकार मुद्दाम हा गोंधळ घालतात. मुलीच्या ड्रेसचा रंग आणि मागच्या कॅनव्हासचा रंग एकच आला, की ती चित्रातून आत्ताच बाहेर आल्यासारखी वाटते.

कुणाचंही असं चित्र काढता येतं का?

इथे दोन वेगळे मुद्दे आहेत.

एक, आतल्या चित्राचा हक्क. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि त्यानुसार चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतो. राजा रविवर्मा १९०६ साली गेले, त्यामुळे त्यांच्या चित्रांवर आता कॉपीराइट नाही. एम. एफ. हुसेन २०११ मध्ये गेले, म्हणजे त्यांचा हक्क २०७१ च्या अखेरपर्यंत आहे. तेव्हा आतलं चित्र अलीकडच्या चित्रकाराचं असेल आणि ते हुबेहूब उतरवून विकायचं असेल, तर आधी परवानगीचा विचार करावा लागतो.

दोन, समोरचा माणूस. फोटोवरून काम करायचं तर आधी म्युझियमचे नियम बघायचे. प्रत्येक ठिकाणी ते वेगळे असतात. शिवाय चित्र बघताना माणूस बेसावध असतो. कुणाच्या डोळ्यांत पाणी येतं, कुणी हात जोडतं. त्या क्षणी ओळखू येणारा चेहरा रंगवायचा का, हा चित्रकाराच्या सभ्यतेचा प्रश्न आहे. या चित्रांत इतक्या पाठी का दिसतात, याचं एक साधं उत्तर हेही आहे. पाठ बोलते, पण नाव सांगत नाही.

उपनगरातल्या माणसाचं यात काय?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. म्युझियममधला प्रेक्षक रंगवायचा, तर तो प्रेक्षक असतो कोण?

मुंबईची मोठी कलादालनं एका टोकाला आहेत. जहांगीर आर्ट गॅलरी (१९५२), राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय म्हणजे एनजीएमए (१९९६) आणि छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय (१९२२) ही तिन्ही फोर्ट-काळा घोडा परिसरात, एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय (१८७२) भायखळ्याला. बोरिवलीहून चर्चगेट सुमारे ३४ किलोमीटर. मुलुंडहून यायचं तर सीएसएमटीपर्यंत लोकल आणि पुढे चाल. अंधेरी-घाटकोपरहून जरा कमी, पण जाऊन येऊन अर्धा दिवस जातोच. आठवड्याची एक सुट्टी, त्यात पोरांना घेऊन हा प्रवास. जहांगीरला तिकीट नाही, पण वेळ आणि दमणूक याचं तिकीट उपनगरातला माणूस मोजतोच.

आणि अंतर फक्त किलोमीटरचं नाही. पॉलिश केलेली फरशी, शांतता, हळू आवाजात इंग्रजी बोलणारी माणसं. ‘आपल्याला यातलं काय कळतंय’ म्हणून दारावरून परत जाणारे कमी नाहीत.

पण जुनी मुंबई वेगळी होती. म्युझियमला लोक ‘अजबखाना’ म्हणायचे. राणीच्या बागेत वाघ-हत्ती बघायचे आणि तसंच शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात शिरायचं. कळतंय की नाही, हा प्रश्नच नव्हता. अजब आहे ना, मग बघायचं. आजही मूर्तींच्या दालनात जाऊन बघा. विष्णू किंवा गणपतीसमोर कुणाचे तरी हात आपोआप जोडले जातात. पाटीवर शतक लिहिलेलं असतं, बघणाऱ्याला देव दिसतो. हेही बघणंच आहे आणि यात चुकीचं काही नाही. प्रेक्षकांची चित्रं खऱ्या अर्थाने मुंबईची व्हायची तर त्यांत हे हातही यायला हवेत.

अंतर कमी करायचे प्रयत्नही झाले. ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करता करता ‘इराणी रेस्टॉरंट’ आणि ‘ट्रेन’सारखी चित्रं करणारे सुधीर पटवर्धन यांनी २००८-०९ मध्ये ‘विस्तारणारी क्षितिजे’ हे समकालीन भारतीय चित्रांचं प्रदर्शन महाराष्ट्रातल्या वेगवेगळ्या शहरांत नेलं. ज्या गावांत मूळ चित्रं क्वचितच पोहोचतात, तिथे ती भिंतीवर लागली. छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाने २०१५ मध्ये ‘म्युझियम ऑन व्हील्स’ सुरू केलं. बसमध्येच छोटं म्युझियम, शाळांच्या दारात जाणारं.

आणि पुन्हा दोडिया. २०१४ मध्ये भाऊ दाजी लाड संग्रहालयात त्यांचं प्रदर्शन झालं, नाव ‘७००० म्युझियम्स’. कल्पना अशी, की देशात गावोगावी म्युझियम असतं तर? ही म्युझियम्स कुठेच नाहीत, ती चित्रकाराच्या डोक्यात आहेत. पण घाटकोपरमध्ये वाढलेल्या माणसाने हे स्वप्न बघावं, यात आश्चर्य नाही. म्युझियम लांब असणं म्हणजे काय, हे उपनगरातल्या माणसाला ट्रेनच्या वेळापत्रकासकट माहीत असतं.

मग ‘मला चित्रातलं काही कळत नाही’ याचं काय?

प्रेक्षकांना रंगवणारे चित्रकार याला एक सरळ उत्तर देतात. ज्या माणसाला त्यांनी रंगवलंय, त्याला ते चित्र कळलं की नाही, हे आपल्याला माहीत नसतं. त्यांनाही नसतं. रॉकवेलच्या सुटातल्या गृहस्थाला काही कळलं का? डेव्हिडसमोरच्या पर्यटकाला? तरी ती माणसं महिनोन्‌महिने मेहनत घेऊन रंगवण्याजोगी वाटली. कारण ती थांबली आणि त्यांनी बघितलं.

सतरा सेकंद थांबणाऱ्या माणसासाठी एखादा चित्रकार तीन महिने देतो. हा हिशेब जरा विचित्र आहे, पण प्रेक्षकाची किंमत त्यातून कळते. चित्र भिंतीवर लागलं म्हणून पूर्ण होत नाही. कुणीतरी त्याच्यासमोर उभं राहावं लागतं.

पुढच्या वेळी गॅलरीत गेलात तर तीन गोष्टी करून बघा. एक, पाटी वाचण्याआधी चित्र बघा. दोन, एका तरी चित्रासमोर पूर्ण दोन मिनिटं थांबा. पहिलं अर्धं मिनिट कंटाळा येईल, मग काहीतरी नवं दिसायला लागेल. आणि तीन, एकदा भिंतीकडे पाठ करून आजूबाजूची माणसं बघा. कोण कसं उभं आहे, कोण कुणाला काय दाखवतंय, कोण नुसतंच एसीत बसलंय.

कोपऱ्यात कुणी वही घेऊन बसलेलं दिसलं, तर घाई करू नका. थोडं आणखी थांबा. कदाचित तुमचीच पाठ रंगवणं चाललं असेल.